थंडरचे हात

२०२५ च्या एनबीए अंतिम मालिकेतला पहिला सामना ओक्लाहोमा सिटी थंडर हरला. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या खेळात इंडियाना पेसर्स जेमतेम ०.३ सेकंद आघाडीवर होते. टायरीज हॅलिबर्टनने शेवटचा चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि गुणफलकावर १११-११० दिसलं, तेवढीच त्यांची आघाडी. थंडरने पहिल्या अर्ध्यात पेसर्सकडून एकोणीस वेळा चेंडू हिसकावला किंवा घालवायला लावला होता, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पंधरा गुणांची आघाडीही घेतली होती. तरी हरले.

दुसऱ्या दिवशी जिथे तिथे एकच निदान ऐकू येत होतं: पोरं आहेत, अनुभव कमी पडला. तरुण संघ हरला की हे निदान तयारच असतं, आणि तोच संघ जिंकला की ‘आता पुढची दहा वर्षं यांचीच’ हेही तयार असतं. दोन्ही वाक्यं उच्चारायला काही बघावं लागत नाही. मला स्वतःला त्या सामन्यातला हॅलिबर्टनचा शॉट आता फारसा आठवत नाही. पहिल्या अर्ध्यातले ते एकोणीस चेंडू आठवतात. ज्या संघाचे हात इतके चालतात, त्याच्या भवितव्याची चर्चा त्या हातांपासूनच सुरू व्हायला हवी, असं माझं मत आहे.

पण त्याआधी या शहराचं जुनं दुखणं सांगायला हवं. ओक्लाहोमा सिटीने तरुण संघाचं स्वप्न याआधी एकदा पाहिलेलं आहे, आणि त्या स्वप्नाचा कारभारीही आजचाच होता.

सॅम प्रेस्टी २००७ मध्ये या फ्रँचायझीचा जनरल मॅनेजर झाला, तेव्हा ती सिएटलमध्ये होती आणि तिचं नाव सुपरसॉनिक्स होतं. २००८ मध्ये संघ ओक्लाहोमाला गेला. प्रेस्टीने लागोपाठच्या तीन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रूक आणि जेम्स हार्डन उचलले. पुढे तिघेही एमव्हीपी, म्हणजे हंगामातले सर्वांत मोलाचे खेळाडू, झाले: ड्युरंट २०१४ मध्ये, वेस्टब्रूक २०१७ मध्ये आणि हार्डन २०१८ मध्ये. अशी निवड एखाद्याच्या हातून आयुष्यात एकदा झाली तरी पुष्कळ. २०१२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत गेला, तेव्हा ड्युरंट आणि वेस्टब्रूक तेवीस वर्षांचे होते आणि हार्डन बावीसचा. मायामीने त्यांना ४-१ असं हरवलं. कुणी फार वाईट वाटून घेतलं नाही. परत येतीलच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

ड्युरंट आणि वेस्टब्रूक मिळून पुन्हा कधीच अंतिम फेरीत गेले नाहीत. चार महिन्यांत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, हार्डनच्या नव्या कराराची बोलणी काही दशलक्ष डॉलरच्या फरकावर अडली आणि त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. २०१३ च्या प्लेऑफमध्ये वेस्टब्रूकचा गुडघा गेला. २०१५ मध्ये ड्युरंटचं पाऊल मोडलेलं, संघ प्लेऑफलाच पोचला नाही. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशी आघाडी होती. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसनने अकरा थ्री-पॉइंटर मारले आणि सगळं फिरलं. त्याच जुलैत ड्युरंट गोल्डन स्टेटला निघून गेला. सगळं एका फटक्यात उद्ध्वस्त झालं असतं तर समजून घेता आलं असतं. इथे दरवर्षी थोडं थोडं झिजलं. यातला हार्डनचा निर्णय सोडला, तर बाकी कशावरच प्रेस्टीचा इलाज चालण्यासारखा नव्हता.

दुसरा डाव त्याने २०१९ मध्ये मांडला. संघाचा तेव्हाचा तारा पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि बदल्यात शेय गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एका वर्षाचाच अनुभव असलेला कॅनेडियन गार्ड, अनुभवी डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या फेरीच्या निवडींचा ढीग घेतला. त्या ढिगातल्या एका निवडीतून २०२२ मध्ये सांता क्लारा या छोट्या विद्यापीठाचा जेलन विल्यम्स बाराव्या क्रमांकावर आला. मधली वर्षं बघवत नव्हती. २०२०-२१ मध्ये २२ विजय, पुढच्या वर्षी २४. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसमध्ये ते १५२-७९ असे हरले. त्र्याहत्तर गुणांनी. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव. शेय त्या रात्री दुखापतीमुळे बाहेर होता. एप्रिल २०२५ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात त्याच मेम्फिसला त्यांनी १३१-८० असं हरवलं, तेव्हा कुणीतरी ती जुनी रात्र नक्की आठवली असणार.

आता हातांकडे.

२०२४-२५ च्या नियमित हंगामात थंडर ६८ सामने जिंकला, १४ हरला. प्रतिस्पर्ध्यापेक्षा सामन्यामागे सरासरी जवळजवळ तेरा गुण जास्त. एनबीएमध्ये असा फरक त्याआधी कुणीच राखलेला नव्हता. लोक याचं श्रेय शेयला देतात आणि ते चूक नाही. तो ३२.७ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आणि एमव्हीपीही. पण हा संघ लीगमधला सर्वोत्तम बचाव करणारा संघ होता, आणि तो बचाव उंचीच्या जोरावर केलेला नव्हता. लू डॉर्ट, केसन वॉलेस, ॲलेक्स करूसो, जेलन विल्यम्स यांना रांगेत उभं केलं तर एनबीएच्या मानाने ते काही धिप्पाड नाहीत. पण चेंडू त्यांच्या आसपास नुसता फिरकला तरी कुणाचं तरी बोट लागतंच. दर वेळी चोरी होत नाही. पास अर्धा फूट वाकडा जातो, घेणाऱ्याला वाकावं लागतं, आणि तेवढ्यात त्याचा बेत मोडतो.

१८ मे २०२५ ला, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत, डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात कोच मार्क डॅग्नॉल्टने निकोला योकिचवर करूसोला सोडलं. योकिच सहा फूट अकरा इंच, त्या काळातला जगातला सर्वोत्तम सेंटर. करूसो सहा फूट पाच, गार्ड. कागदावर हा वेडेपणाच. करूसोने योकिचच्या पाठीशी उभं राहून त्याला ढकलायचा प्रयत्न केला नाही. तो पुढे आला, पास देणारा आणि योकिच यांच्या मध्ये उभा राहिला, आणि उंच पास आलाच तर मागून दुसरा गडी यायचा. कबड्डीत चढाई करणारा आत आला की कोपऱ्यातला खेळाडू एकदम झेपावत नाही, साखळी जुळेपर्यंत त्याला आत येऊ देतो. हे तसंच होतं. योकिचला चेंडू मिळाला तोही उशिरा, नको त्या जागी, आणि चार हात आधीच तिथे. त्याने वीस गुण केले. थंडर १२५-९३ जिंकला.

या सामन्याचं टीव्हीवर फार कौतुक झालं नाही, कारण बत्तीस गुणांच्या फरकात नाट्य नसतं. मला मात्र अख्ख्या वर्षातला हाच सामना सर्वांत बोलका वाटतो. करूसो हा त्या संघातला विजेतेपदाचा अनुभव असलेला एकमेव खेळाडू, २०२० च्या लेकर्समधला. जोश गिडी हा एकवीस वर्षांचा, सहाव्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू शिकागोला देऊन प्रेस्टीने २०२४ च्या जूनमध्ये तिशीतला करूसो घेतला होता. तरुण संघाने वय विकत घेतलं, आणि तेही गिडीसारख्या गुणी मुलाच्या बदल्यात, कारण डल्लसने २०२४ च्या प्लेऑफमध्ये गिडीला मोकळं सोडून संपूर्ण आक्रमण आखडून टाकलं होतं. हा सौदा २०१२ च्या प्रेस्टीने केला असता का, याची मला शंका आहे.

विजेतेपदानंतर ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेनच्या बाटल्या कशा उघडायच्या हे बाकीच्यांना येईना, आणि करूसोला दाखवावं लागलं. ही गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली.

आता अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्याकडे येतो. १३ जूनची रात्र, इंडियानापोलिस. आपल्याकडे शनिवारी सकाळी सहा. पेसर्स मालिकेत २-१ पुढे. ते जिंकले असते तर ३-१, आणि ओक्लाहोमाच्या लोकांना ३-१ हा आकडा कसा वाटतो हे वर आलंच आहे.

थंडरचे शॉट त्या दिवशी जातच नव्हते. सतरा थ्री-पॉइंटर मारले, तीन गेले. आजच्या बास्केटबॉलमध्ये तीन थ्री-पॉइंटरवर अंतिम फेरीतला सामना जिंकता येत नाही असं कुणीही सांगेल. शेयला पूर्ण सामन्यात एकही असिस्ट नाही. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस ८७-८० अशी पिछाडी. पेसर्सचा अँड्र्यू नेम्हार्ड, शेयसारखाच कॅनडाचा, त्याला स्वतःच्या बास्केटखालीच गाठत होता आणि पूर्ण कोर्टभर चिकटून चालत होता. तीन सामने हेच चाललं होतं. शेय चेंडू घेऊन मधल्या रेषेपर्यंत पोचेपर्यंत अर्धा दमायचा.

डॅग्नॉल्टने दोन साधे बदल केले. उंच सेंटर आयझेया हार्टनस्टाइनला पुन्हा पहिल्या पाचांत घेतलं, म्हणजे रिबाउंडची चिंता कमी. आणि दुसऱ्या अर्ध्यात चेंडू वर आणायचं काम जेलन विल्यम्सकडे सोपवलं. शेय चेंडूविना कडेने चालत वर यायचा, जणू त्याचा या हल्ल्याशी संबंधच नाही. मग एखादा स्क्रीन लागायचा, आणि चेंडू त्याच्या हातात यायचा तो नेमका त्याच्या आवडत्या जागी, फ्री थ्रो रेषेच्या जरा उजवीकडे किंवा डावीकडे. नेम्हार्डची सगळी मेहनत वाया. सव्वीस वर्षांच्या एमव्हीपीने ‘चेंडू माझ्याकडेच हवा’ हा हट्ट अंतिम फेरीत सोडला, आणि चोवीस वर्षांच्या विल्यम्सने ती जबाबदारी उजव्या मनगटाचं लिगामेंट फाटलेलं असताना उचलली. त्याची शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर झाली. तरुण संघात असा हट्ट सोडणं अवघड असतं. ‘हा संघ कुणाचा’ या प्रश्नावर कितीतरी गुणी संघ फुटलेले आहेत.

शेवटची साडेचार मिनिटं शेयची. संघाच्या अखेरच्या सोळा गुणांपैकी पंधरा त्याचे. त्याचं खेळणं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? तो उंच उडत नाही. वेगही फार नाही. तो आत घुसतो, आणि जिथे दुसरा कुणी वेग वाढवेल तिथे हा थांबतो. बचाव करणाऱ्याचं वजन पुढच्या पावलावर गेलेलं असतं, ते परत आणायला त्याला जो क्षण लागतो तेवढ्यात हा मागे सरकलेला असतो, खांदे सरळ, चेंडू कपाळाच्या वर. दोन मिनिटं तेवीस सेकंद बाकी असताना एरन नीस्मिथसमोर त्याने मारलेला तो मागे सरकतचा शॉट घ्या. नीस्मिथने काहीच चुकवलं नव्हतं. हात वर होता, अंतरही ठीक होतं. चेंडू गेला, १०४-१०३, आणि थंडर पुढे.

पण एवढं पाहून टीव्ही बंद केला तर अर्धाच सामना पाहिला. त्याच शेवटच्या टप्प्यात, १०३-९९ अशी आघाडी असताना, पेसर्सने उरलेल्या तीन-सव्वातीन मिनिटांत किती गुण केले? एक. फ्री थ्रोचा. संपूर्ण चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा. करूसोच्या त्या सामन्यात पाच चोऱ्या आणि बाकावरून येऊन वीस गुण. उंच चेट होमग्रेनचे पंधरा रिबाउंड. थंडरने अडतीसपैकी चौतीस फ्री थ्रो टाकले. निकाल १११-१०४. शॉट न जाण्याच्या दिवशी हा संघ हात, रिबाउंड आणि फ्री थ्रो यांवर जिंकला. ड्युरंट-वेस्टब्रूकच्या संघाकडे याहून जास्त कौशल्य होतं, हे मी आजही म्हणेन. शॉट जात नसताना काय करायचं याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे बहुतेक वेळा ‘आणखी जोरात तेच’ एवढंच असायचं. २०१६ चा तो सहावा सामना पुन्हा पाहा, शेवटची पाच मिनिटं.

पुढे पाचव्या सामन्यात विल्यम्सने चाळीस गुण केले. सहाव्यात इंडियानापोलिसला थंडर १०८-९१ असा सपशेल हरला. २२ जूनला घरच्या मैदानावर सातवा सामना १०३-९१ जिंकून विजेता झाला. त्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा अकिलीस स्नायूबंध तुटला, आणि तो खेळत राहता तर काय झालं असतं हा प्रश्न त्या विजेतेपदाला चिकटून राहणार. राहू दे. १९७७ च्या पोर्टलँडनंतरचा हा सर्वांत तरुण विजेता.

दोष दिसत नाहीत असं नाही. त्याच प्लेऑफमध्ये, पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत, मिनेसोटातला तिसरा सामना त्यांनी बेचाळीस गुणांनी हरून दाखवला. बाहेरच्या मैदानावर एकदा घडी विस्कटली की हा संघ सामना सोडून देतो की काय असं वाटतं. शेय फाउल मिळवण्यात पटाईत आहे आणि काही वेळा ते पाहायला कंटाळवाणं होतं. त्याचा मी कितीही चाहता असलो तरी, हात अडकल्यासारखं करून मान मागे टाकायची त्याची लकब मला आवडत नाही. आणि डॉर्ट-करूसो-वॉलेस ज्या धसमुसळेपणाने खेळतात, त्यावर पंचांनी दर वेळी शिटी मारायची ठरवली तर निम्मा बचाव बाकावर बसेल. नियमित हंगामात ती शिटी वाजते, प्लेऑफमध्ये कमी वाजते. या संघाला हे बरोबर माहीत आहे.

टिकण्याच्या दृष्टीने खरा धोका मात्र मैदानावरचा नाही, हिशेबाच्या वहीतला आहे. २०२३ च्या करारानुसार लीगने खर्चाची दुसरी मर्यादा घातली, तिला तिथे ‘सेकंड ॲप्रन’ म्हणतात. ती ओलांडणाऱ्या संघाला नुसता दंड नाही, त्याचे हात बांधले जातात. अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, भविष्यातली एक ड्राफ्ट निवड गोठते. २०१२ मध्ये पैशासाठी हार्डन गेला. आता मालकाची पैसे मोजायची तयारी असली तरी नियमच आडवा येतो. २०२५ च्या जुलैत थंडरने शेयशी चार वर्षांचा २८५ दशलक्ष डॉलरचा करार केला. विल्यम्स आणि होमग्रेन यांनाही पाच-पाच वर्षांचे मोठ्यात मोठे करार दिले, ते २०२६-२७ पासून लागू. तिघांनाही ठेवलं. प्रेस्टीने जुन्या चुकीचं उत्तर इथे दिलं. पण तिघांचे पगार एकदम अंगावर आले की कुणाला तरी जावं लागणार, आणि ते बहुधा डॉर्ट आणि हार्टनस्टाइन. दोघांच्याही करारात २०२६-२७ चं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलेलं आहे. ही तरतूद उगीच केलेली नसते.

म्हणून मला या संघाच्या तीन ताऱ्यांपेक्षा त्यांच्या मागची फळी जास्त आश्वासक वाटते. डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. ॲरन विगिन्स पंचावन्नावा. जेलिन विल्यम्स, हा वेगळा, चौतिसावा. अजय मिचेल हा बेल्जियमचा गार्ड अडतिसावा. असे स्वस्तातले खेळाडू शोधायचे आणि त्यांना दोन वर्षांत तेच हात, त्याच हालचाली शिकवायच्या, हे एकदा जमलं तर योगायोग म्हणता येतं. इथे चार-पाचदा जमलेलं आहे. शिवाय क्लिपर्सची २०२६ ची पहिल्या फेरीची निवडही याच संघाच्या खात्यात.

हाडांची शाश्वती कुणी देऊ शकत नाही. १९७७ च्या पोर्टलँडने पुढचा हंगाम ५० विजय, १० पराभव असा सुरू केला होता. मग त्यांचा तारा बिल वॉल्टन याचं पाऊल दुखावलं, प्लेऑफमध्ये परतल्यावर ते मोडलं, आणि त्यानंतर तो पोर्टलँडकडून पुन्हा कधी खेळला नाही. १९७८ च्या प्लेऑफमध्ये त्यांना बाद करणारा संघ सिएटल सुपरसॉनिक्स, म्हणजे याच फ्रँचायझीचं मूळ. थंडरचा २०२५-२६ चा हंगामही २४ विजय, १ पराभव असा सुरू झाला, आणि मग डिसेंबरमध्ये व्हिक्टर वेंबान्यामाच्या सॅन अँटोनिओने त्यांना तीनदा हरवलं. म्हणजे प्रतिस्पर्धीही तरुणच, आणि सात फुटांहून उंच.

सॅन अँटोनिओचं नाव निघालंच आहे तर एक सांगायला हवं. प्रेस्टीने कामाला सुरुवात केली ती तिथेच, २००० मध्ये, इंटर्न म्हणून. सॅन अँटोनिओने १९९९ ते २०१४ या काळात पाच विजेतेपदं मिळवली आणि १९९८ पासून सलग बावीस वर्षं प्लेऑफ गाठलं. पण त्यांनी लागोपाठ दोन विजेतेपदं एकदाही मिळवली नाहीत. टिकाऊ यश म्हणून जगभर ज्या संघाचा दाखला देतात, त्याचा इतिहास असा आहे. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एनबीएला सात वेगवेगळे विजेते मिळाले. थंडरने दुसऱ्या वर्षी करंडक राखला की नाही, यावरून त्याला पास-नापास करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझा कौल असा. शेयची पावलं शाबूत राहिली, तर हा संघ २०३० पर्यंत जवळजवळ दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस खेळत असेल, आणि त्यातल्या आणखी एका वर्षी तरी जिंकेल. डॉर्ट गेला तर त्याचं दुःख मला होईल. पण त्याच्या जागी येणाऱ्याचं नाव आज आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नसेल, आणि त्यालाही पहिल्या महिन्यात बोटं कुठे घालायची तेच शिकवलेलं असेल.